मागच्या गाडीचा ब्रेक कोण मारतं?

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी मोटरहोम घेतलं आणि अमेरिका रस्त्याने पाहायला लागलो. पुढे चालतं घर आणि त्याच्या पाठीला टो-बारने जोडलेली आमची होंडा सीआर-व्ही, चारही चाकं रस्त्यावर. मुक्कामाला पोचलं की घर जागेवर उभं राहतं आणि छोट्या गाडीने भाजी आणायला, डोंगर बघायला जाता येतं. एवढं मोठं धूड चालवायची भीती नाही का वाटत, असं बहुतेक जण विचारतात. माझ्या वडिलांनी ते विचारलं नाही. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, त्यांची सगळी नोकरी कसारा घाट चढण्याउतरण्यात गेली. व्हिडिओ कॉलवर त्यांना जोडलेली गाडी दाखवली, तर त्यांनी एकच विचारलं, "मागच्या गाडीचा ब्रेक कोण मारतं गं?" त्याचं नीट उत्तर द्यायचं म्हणून वाचत, विचारत, तपासत गेले. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते.

१. मागची गाडी चालवणाऱ्याला जाणवत नाही, हेच या सगळ्याचं मूळ आहे. आधी मला वाटायचं, एवढं वजन ओढायचं म्हणजे स्टिअरिंग जड होईल, चढाला इंजिन कुरकुरेल, काहीतरी सतत आठवण करून देईल. तसं होत नाही. आमचं मोटरहोम भरलं की साडेनऊ टनांच्या आसपास जातं आणि मागची गाडी असते दीड टनाहून थोडी जास्त. सपाट रस्त्यावर ती आहे की नाही, हे हातालाही कळत नाही आणि पायालाही नाही. मोटरहोमहून अरुंद असल्यामुळे ती बाजूच्या आरशांतही दिसत नाही. मागचा कॅमेरा बंद केला तर तासाभरात तिचा विसर पडेल. तिचं वजन कळतं ते थांबताना, आणि तेव्हा काही शिकायला सवड नसते. म्हणून जे अंगाला कळत नाही ते तपासून कळून घ्यायचं, असा आम्ही शिरस्ता घातला.

२. हुकावर छापलेला आकडा ब्रेकबद्दल काहीच सांगत नाही, याचं मला फार आश्चर्य वाटलं. आमच्या हुकावर ५,००० पौंड लिहिलेलं आहे. साडेतीन हजार पौंडांची गाडी म्हणजे भरपूर जागा उरली, असा कुणाचाही समज होईल. पण आमचं मोटरहोम फोर्डच्या एफ-५३ चासीवर बांधलेलं आहे. आमच्याकडच्या चासीला स्वतःचं भरलेलं वजन २२,००० पौंडांपर्यंत चालतं आणि मागच्या गाडीसकट सगळं मिळून २६,०००. घर काठोकाठ भरलं तर मागे ४,०००च उरतात, हुक काहीही म्हणो. याहून मोलाची गोष्ट फोर्डच्या टोइंगच्या पुस्तिकेत आहे. ती सरळ सांगते की गाडीचे ब्रेक तिच्या स्वतःच्या भरलेल्या वजनासाठी आहेत, जोडवजनासाठी नाहीत; मागे ओढलेल्या गाडीला आणि १,५०० पौंडांहून जड ट्रेलरला स्वतःचे वेगळे, चालू ब्रेक हवेत. म्हणजे इंजिन २६,००० पौंड ओढून नेईल, पण ब्रेक २२,००० पौंडांचे. बनवणाऱ्यांनी हे लिहून ठेवलं आहे, लपवलेलं नाही. तरीही मोटरहोम विकत घेताना इंजिनाची ताकद आम्हाला सगळ्यांनी सांगितली आणि हे कुणीच सांगितलं नाही.

३. वजन डोळ्यांनी मोजता येत नाही. ट्रकवाले थांबतात त्या मोठ्या पंपांवर कॅट स्केलचा काटा असतो. पुढची चाकं पहिल्या फळीवर, मागची दुसरीवर, जोडलेली गाडी तिसरीवर, असं उभं राहायचं, खांबावरचं बटण दाबून आतल्या माणसाशी बोलायचं आणि थोडे डॉलर देऊन चिठ्ठी घ्यायची. चिठ्ठीवर तिन्ही वजनं वेगवेगळी छापून येतात. आमचं घर सामानासकट २०,६०० भरलं आणि गाडी ३,४८०. पाणी किती जड असतं ते मला तिथे कळलं. गॅलनला आठ पौंडांहून जास्त. पाऊणशे गॅलनची टाकी भरून निघालं तर सहाशे पौंड नुसतं पाणीच. आता लांबच्या प्रवासाला आम्ही पाव टाकी घेऊन निघतो आणि मुक्कामावर भरतो. ती चिठ्ठी गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवलेली आहे. पूर्वी आम्ही वजनाबद्दल अंदाजाने बोलायचो, आता चिठ्ठी काढून बोलतो.

४. वेग थोडा वाढला तरी थांबवायचं काम पुष्कळ वाढतं. ताशी ५५ मैलांवरून ६५ वर गेलं की वेग अठरा टक्क्यांनी वाढतो, पण ब्रेकांना जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ चाळीस टक्क्यांनी. ६५ च्या वेगाने दर सेकंदाला ९५ फूट मागे जातात. पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसून पाय पेडलवर जाईपर्यंतच दीडशे फूट संपलेले असतात. आम्ही साठच्या आत राहतो. मागे रांग लागली की उजवीकडे घेऊन जाऊ देतो.

५. कायद्याच्या भरवशावर राहू नये. इथे दर राज्याचा नियम वेगळा. बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत, पण चार चाकांवर ओढलेली मोटार ट्रेलर धरायची की नाही, यावरही एकमत नाही. सकाळी एका राज्यातून निघावं आणि दुपारी दुसऱ्यात शिरावं, तर त्या रेषेवर गाडीचं वजन काही बदलत नाही. कुठे सक्ती आहे ते पाहण्यापेक्षा सगळीकडे ब्रेक लावून जाणं हेच मला शहाणपणाचं वाटतं.

६. मागच्या गाडीचे ब्रेक तिच्यातच असतात, फक्त ते दाबायला तिथे माणूस नसतो. ते दाबायची व्यवस्था तऱ्हेतऱ्हेची मिळते. डिझेलच्या मोठ्या मोटरहोमना हवेचे ब्रेक असतात, त्यांच्या हवेवरच मागच्या गाडीचे ब्रेक चालवता येतात. काही यंत्रणा गाडीत कायमच्या बसवून घ्यायच्या असतात. आमचं मोटरहोम पेट्रोलचं, म्हणून आम्ही हलवता येणारी पेटी घेतली. ती ड्रायव्हरच्या सीटपुढे जमिनीवर ठेवायची, पाठ सीटला टेकवायची आणि तिचा दांडा ब्रेकच्या पेडलला पकडीने घट्ट करायचा. वेग कमी होतोय हे आतल्या सेन्सरला कळलं की दांडा पेडल दाबतो. पुढे आमच्या डॅशबोर्डवर एक छोटा दिवा लागतो.

यातली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इंजिन बंद केलं तरी ब्रेकच्या बूस्टरमध्ये थोडा व्हॅक्यूम शिल्लक असतो. तो असेपर्यंत पेडल मऊ असतं आणि थोड्या दाबानेही ब्रेक करकचून लागतात. म्हणून पेटी जोडण्याआधी पायाने पेडल पुन्हा पुन्हा दाबायचं, ते दगडासारखं कडक होईपर्यंत. मगच दांडा अडकवायचा. पेटीचा जोर त्या कडक पेडलच्या मानाने लावायचा असतो. सीट दर वेळी त्याच जागी यावी म्हणून मी रुळावर पांढऱ्या चिकटपट्टीची खूण केली आहे. सीट बोटभर मागे सरकली तरी दांड्याचा दाब बदलतो.

७. न लागणाऱ्या ब्रेकइतकीच न सुटणाऱ्या ब्रेकची काळजी करावी, हे मला पुस्तकातून कळलं नाही. युटामध्ये रस्त्यालगतच्या एका विसाव्याच्या जागी आमच्याशेजारी एक जोडपं थांबलं होतं. त्यांच्या मागच्या गाडीजवळून जाताना जळका, झोंबणारा वास आला. पुढच्या चाकाच्या आऱ्यांमधून वाकून पाहिलं तर डिस्कवर निळसर-जांभळी झाक चढलेली, आणि रिमवर काळी पूड. पेटीचा दांडा पेडलवर किंचित टेकलेलाच राहिला होता आणि गाडी किती तरी मैल ब्रेक अर्धवट लागलेल्या अवस्थेत ओढली गेली होती. गृहस्थ अनुभवी होते. चढाला आज जरा जड वाटत होतं, एवढंच ते म्हणाले. दहा टनांच्या मोटरहोमचं इंजिन ते ओढून नेतं आणि ड्रायव्हरला पत्ता लागत नाही. अशा तापण्यातून चाक पेटूही शकतं.

तेव्हापासून निघाल्यावर पहिल्या काही मैलांत आम्ही एकदा थांबतोच. सोबत इन्फ्रारेड थर्मामीटर ठेवला आहे. चाकाला हात न लावता चारही डिस्कची तापमानं घ्यायची. डावी-उजवी साधारण सारखी हवीत. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फारच गरम असेल तर तिथे काहीतरी अडकलं आहे. टायरच्या हवेचंही तसंच. मागच्या गाडीचा टायर बसला तर पुढे हादरासुद्धा पोचत नाही, म्हणून तिच्या चारही टायरना हवेचा दाब दाखवणारे सेन्सर लावून घेतले.

८. गाडी सुटली तर काय, हा विचार आधीच करून ठेवायला हवा. टो-बारच्या दोन्ही बाजूंनी जाड पोलादी केबल असतात, त्या टो-बारखालून एकमेकींना छेदून बांधायच्या. म्हणजे टो-बार तुटलाच तर तो खाली केबलांवर पडतो, रस्त्यात रुतत नाही. त्याही तुटल्या तर शेवटचा आधार म्हणजे एक छोटी पिन. गाडीच्या नाकाशी लावलेल्या स्विचमध्ये ती बसते आणि बारीक तारेने मोटरहोमला जोडलेली असते. गाडी दूर गेली की पिन निघते आणि पेटी पूर्ण जोराने ब्रेक लावून धरते. ही तार टो-बारला बांधायची नाही, मोटरहोमच्या चासीला बांधायची. टो-बार हुकासकट निखळला आणि तार त्यालाच बांधलेली असली, तर पिन कधी निघणारच नाही. वळणावर ताणली जाणार नाही इतकी ढिलाई मात्र तारेला हवी.

पिन ओढून पाहिल्याशिवाय ती चालते यावर मी विश्वास ठेवत नाही. मोकळ्या जागेत नवरा पिन काढतो, मी मोटरहोम अगदी हळू पुढे घेते. मागच्या गाडीची चाकं अडून राहिली पाहिजेत. मग पिन लगेच परत, नाही तर गाडीची बॅटरी उतरते.

९. घाट ब्रेकने उतरायचा नसतो, हे मी अण्णांकडून लहानपणापासून ऐकत आले. डोंगरात मोटरहोम चालवायला लागल्यावर ते मला कळलं. आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. पश्चिमेला जायचं तर आय-७० वरून आयझेनहॉवर बोगदा ओलांडावा लागतो. १९७३ साली सुरू झालेला हा बोगदा अकरा हजार फुटांहून उंच आहे. त्याच्या पलीकडे सात टक्क्यांचा उतार सुरू होतो आणि सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत रस्ता सुमारे २,१०० फूट खाली येतो. वाटेत ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी खडीचे चढ बांधून ठेवले आहेत. ते दिसले की माझा पाय आपोआप सावध होतो.

एकदा मी कागदावर हिशेब केला. मागची गाडी तेवढी एकटी धरली, १,६०० किलोची, आणि ती हे २,१०० फूट खाली आली, तर तिच्या उंचीतून जी ऊर्जा सुटते तिच्यावर तीस लिटर गार पाणी उकळेल. आजोळच्या अंगणातल्या तांब्याच्या बंबात तेवढं पाणी मावत असे, आणि तो तापवायला किती लाकडं जात ते मी पाहिलेलं आहे. मोटरहोमची उष्णता याच्या सहापट. वारा थोडी नेतो. बाकीची इंजिनाने घेतली नाही, तर ती ब्रेकच्या चकत्यांतच जाते.

अण्णांचा नियम असा, की ज्या गियरात घाट चढायचा त्याच गियरात उतरायचा. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून उतरणाऱ्यांबद्दल ते फार तळमळीने बोलतात; बोरघाटात तशा गेलेल्या गाड्यांच्या बातम्या आजही येतात. गंमत वाटली ती ही, की अमेरिकेत जड वाहनांच्या परवान्यासाठी जी पुस्तिका देतात, तिच्यात हाच नियम जुन्या ट्रकांचा नियम म्हणून दिला आहे आणि पुढे त्यात एक भर घातली आहे. नव्या ट्रकांची इंजिनं ताकदवान आणि घर्षण कमी, म्हणून उतरताना चढापेक्षाही खालचा गियर लागू शकतो. मी अण्णांना हे सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "बरोबर आहे. आमची गाडी चढालाच पहिल्या-दुसऱ्यात यायची, खाली जायला गियर उरायचाच कुठे?"

आम्ही बोगद्यातून बाहेर पडण्याआधीच वेग कमी करून गियरचा टो-हॉल मोड चालू करतो, म्हणजे ब्रेकला पाय लागताच गियर खाली येतो आणि इंजिन गाडी धरून ठेवतं. तरी वेग वाढलाच, तर ब्रेकवर पाय टेकवून ठेवायचा नाही. ठरवलेल्या वेगाला पोचलं की ठामपणे दाबायचा, पाच मैलांनी वेग उतरला की पूर्ण सोडायचा. मधल्या वेळात चकत्या निवतात. मागच्या पेटीकडेही लक्ष ठेवावं लागतं. नुसत्या इंजिनाने वेग कमी झाला तरी काही पेट्यांना तो ब्रेक वाटतो आणि त्या विनाकारण दाबत राहतात. डॅशबोर्डवरचा दिवा माझ्या पायाबरोबर लागायला आणि माझ्या पायाबरोबरच विझायला हवा. तसं नसेल तर पुढच्या मोकळ्या जागेत थांबून पेटीची संवेदनशीलता कमी करायची.

१०. जोडणीच्या वेळी गप्पा मारायच्या नाहीत. मुक्कामाच्या जागी माणसं फार आपुलकीने बोलायला येतात, विशेषतः निघायच्या वेळी. त्यांना हसून थांबवायचं. कामात खंड पडलाच तर यादी पहिल्यापासून. आमच्या गाडीपुरतं सांगायचं तर इंजिन चालू करून गियर सगळ्या खुणांवरून फिरवायचा, डीमध्ये पाच सेकंद धरायचा, मग एनमध्ये आणायचा, इंजिन तीन मिनिटं चालू ठेवायचं, बंद करून किल्ली पहिल्या खुणेवर ठेवायची म्हणजे स्टिअरिंगला कुलूप लागत नाही, आणि हँडब्रेक सोडायचा. मग टो-बारच्या पिना, केबल, विजेची वायर, ब्रेकची पेटी, सुटकेची पिन. दिवे तपासताना एक जण पुढे, एक मागे. शेवटी आम्ही जागा बदलतो, आणि ज्याने जे जोडलं नाही ते तो हात लावून पाहतो. पन्नास फूट पुढे नेऊन मागची चारही चाकं फिरताहेत ना, हे बाहेर उभं राहून बघितल्यावरच हायवे.

११. अशी जोडलेली गाडी मागे घेता येत नाही. पुढची चाकं भलतीकडे वळतात आणि टो-बार वाकतो. म्हणून बाहेर पडायची वाट दिसल्याशिवाय कुठल्याही पंपात शिरायचं नाही.

१२. मागच्या गाडीचे ब्रेक किती चालले, याची नोंद तिच्या मीटरवर होत नाही. ओढत नेताना आमच्या गाडीचा मीटर बंद असतो, पण चकत्या, टायर, बेअरिंग सगळं झिजतच असतं. ती मोटरहोमच्या मागे किती धावली ते मी वेगळ्या वहीत लिहिते आणि मेकॅनिकला दोन्ही आकडे देते. ब्रेक ऑइलचंही तसंच. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ३ ऑइल नवं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा भरला की त्याच्या मानकात किमान १४० अंशच धरलेले आहेत. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल दाबलं तरी जोर चाकापर्यंत पोचत नाही. डोंगर उतरताना हे व्हायला नको, म्हणून दोन्ही गाड्यांचं ऑइल दर दोन वर्षांनी बदलतो, वापर कितीही कमी असो.

१३. प्रत्येक मोटार अशी ओढता येत नाही, आणि कुठली येते हे दरवर्षी बदलतं. आमची सीआर-व्ही २०१४ ची. २०१५ पासून इथल्या सीआर-व्हीला सीव्हीटी गियर आला आणि चार चाकांवर ओढायची मुभा गेली. गाडीच्या मालकाच्या पुस्तिकेत जे छापलं आहे तेच खरं. विकणाऱ्याच्या तोंडचं नाही. आमची गाडी आता थकत चालली आहे, म्हणून आम्ही चार दारांची जीप रँग्लर बघतो आहोत. तिचा ट्रान्सफर केस न्यूट्रल करता येतो, म्हणून ती चार चाकांवर ओढता येते. काट्याची चिठ्ठी काढून बेरीज केली. २६,००० मधून २०,६०० वजा केले तर ५,४०० उरतात, पण हुक ५,००० वर अडवतो, म्हणजे ४,४०० पौंडांची जीप बसते. बसते खरी, पण आजच्यापेक्षा नऊशे पौंड जास्त. पुढचा ब्रॅकेट नवा, दिव्यांची वायर नवी, पेटीचा जोर पुन्हा पहिल्यापासून लावायचा, सीटची खूण नव्या जागी. टो-बारची उंचीही पुन्हा मोजावी लागेल. दोन्ही टोकांत तीन इंचांहून जास्त फरक नको. जीप घेतलीच तर पहिली फेरी बोगद्याच्या बाजूला करायची नाही. पूर्वेला कॅन्ससकडे सपाट रस्त्याने जायचं, आणि दर पंचवीस मैलांवर उतरून चाकं बघायची, असं आमचं ठरलं आहे.